तिकिटाची मागची बाजू

पारूमावशी मागच्या दाराला कडी घालू देत नसत. केजजवळच्या आमच्या दूध सोसायटीत मी सचिव आणि त्या दूध मापायला. मी कडी घालायचो, त्या निमूट जाऊन काढायच्या. कुत्री शिरून कॅन चाटायची आणि माझं डोकं फिरायचं.

"आत कोन ऱ्हायलं असलं तं? बगितलं का तुमी?" एवढंच त्यांचं उत्तर.

एरवी बाई लाख मोलाची. दूध पातळ दिसलं तर भल्याभल्यांना ऐकवायच्या, "एवढ्या दुष्काळात तुमच्याच म्हशीला पानी कुटून गावलं?"

एका उन्हाळ्यात दूधच आटलं. रिकाम्या कॅनवर बसून मावशींनी तेव्हा सांगितलं. त्यांचा नवरा नाटक कंपनीत पेटी वाजवायचा, त्या दारावर तिकिटं तपासायच्या. साखर कारखान्याच्या नाट्यगृहात प्रयोग चालू असताना आग लागली. सालही असंच कोरडं, हौदात थेंब नव्हता. लोक पुढून पळाले. नवरा पेटी घ्यायला वळला, तोवर पुढे जाळ. तो मागच्या दाराकडे धावला.

"फुकटे घुसत्यात म्हून भाईरून कडी मीच घातलती, भाऊ. काडायची ऱ्हायली."

मला त्यांच्याकडे बघवेना.

पुढे कारखान्याच्या सभासदांनी ते नाट्यगृह पुन्हा उभं केलं आणि टपाल खात्यानं त्याचं तिकीट काढलं. मी अंबाजोगाईच्या पोस्टातून एक आणलं. वाटलं, म्हातारीला बरं वाटेल. मावशींनी ते तळहातावर घेतलं. कमानी, पायऱ्या, वर रोषणाई. बराच वेळ पाहून त्यांनी तिकीट उलटं केलं. मागे नुसता पांढरा कागद आणि डिंक.

"मागली बाजू कुटं हाय?"

मला हसू आलं. "चित्र पुढूनच काढतात, मावशी."

"मागं दार केलंय का पर?"

"केलंय. उद्घाटनाला गेलो होतो तेव्हा पाहिलं. चांगलं रुंद आहे. बाहेरून कडीच नाही, आतून ढकललं की उघडतं."

"सोता ढकलून बगितलं?"

"बघितलं."

त्यांनी मोठा श्वास सोडला. सुटली बिचारी, असं वाटून मलाही हलकं वाटलं. मावशी मात्र त्या पांढऱ्या कागदाकडेच पाहत राहिल्या.

"मंग ते आजून भाईर आले कावून न्हाईत?"