मातीकामात ए ग्रेड

बोर्डाच्या कोल्हापूर ऑफिसातल्या मॅडमनी कागद वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली आणि विचारलं, "सर, यात फिजिक्स कुठे आहे?"

मी विट्याच्या एका ज्युनियर कॉलेजात उपप्राचार्य होतो. शेजारी समृद्धी बसली होती. बारावीचं वर्ष एक्सचेंज प्रोग्रॅमवर अमेरिकेतल्या शाळेत काढून ती आठवड्यापूर्वीच परतली होती. पलीकडे तिचे वडील, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. टेबलावर तिची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषय आणि ग्रेडचा उतारा. त्यात इंग्रजी, अमेरिकेचा इतिहास, समूहगायन आणि मातीकाम. मातीकामात ए ग्रेड.

"मातीकाम चालणार नाही का?" हा प्रश्न मी खरंच विचारला.

मॅडमनी शांतपणे समजावलं. परदेशातलं शिक्षण आपल्या बारावीच्या तोडीचं आहे असा अधिकृत दाखला लागतो. त्याला समकक्षता म्हणतात. तो मिळायला तिथला डिप्लोमा, म्हणजे शाळा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र हवं. त्या शाळेनं एक्सचेंजच्या मुलांना डिप्लोमा दिलाच नव्हता. काळा गाऊन घालून फोटो तेवढा काढू दिला होता.

तो फोटो मी कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स करून लावला होता. 'अमेरिकेत बारावी उत्तीर्ण.' खाली मार्गदर्शक म्हणून माझा फोटो. तिच्यापेक्षा मोठा.

समृद्धी अमेरिकेला जाण्याआधी सुभेदार मला भेटायला आले होते. "सर, पोरीचं वर्स वाया जाणार न्हाई न्हवं?"

"मी आहे ना," मी म्हणालो होतो आणि नियम न वाचता ना हरकत पत्रावर सही ठोकली होती.

"मग आता काय?" समृद्धीनं मॅडमना विचारलं. तिला बी.एस्सी. अ‍ॅग्रीला जायचं होतं.

"अकरावी पास आहेस. बारावीला पुन्हा रेग्युलर बस."

आम्ही गाडीतून परत निघालो. तासगाव मागे पडल्यावर समृद्धी म्हणाली, "सर, तिथल्या काउन्सेलरनं मला ऑक्टोबरातच सांगितलं होतं, हे वर्ष तिकडे धरतील का ते कॉलेजला विचारून घे म्हणून. मी तुम्हाला मेल केला होता."

मी मोबाइल काढला. मेल होता. माझं उत्तरही होतं: 'प्राऊड ऑफ यू, बेटा.' मेल मी पहिल्या ओळीपर्यंतच वाचला असावा.

मी सुभेदारांची माफी मागितली. त्यांनी खिडकीची काच खाली केली. मग म्हणाले, "सर, फौजेत नकाशा न बघता तुकडी हलवली, की चौकशी बसती."

"मग बसवा."

"बसलीया की. आता गाडी थांबवा, च्या घिऊ."

जूनमध्ये समृद्धी बारावीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसली. तिच्या अकरावीच्या वर्गातल्या, आता बारावी पास झालेल्या मुली त्याच दिवशी ऑफिसच्या खिडकीशी दाखले न्यायला आल्या होत्या. तिनं एकदा तिकडे पाहिलं आणि वही उघडली. मी स्टाफरूममध्ये जाऊन बसलो. फ्लेक्स त्याच दुपारी उतरवला. खिळे माझे मीच काढले.

वर्षभर मी तिला फिजिक्सच्या जादा तासाला बसवलं. तिला त्याची फारशी गरज नव्हती; मला होती. ती चांगल्या मार्कांनी पास झाली, अ‍ॅग्रीला लागली, वर्षभर उशिरानं.

आता कुणी बारावीत परदेशी जायचं म्हटलं, की मी आधी बोर्डाला पत्र लिहायला लावतो. लेखी उत्तर येईपर्यंत अभिनंदनही करत नाही. पालक म्हणतात, सर लय खडूस झालेत. झालोय.