त्याच्या ताटातली तुकडी

मी तळ्यावरून घरी आली तं दारात बंडी उभी. सासरची बंडी! बैलं लगेच ओळखली ना मी. तीन महिने झाले होते मले त्या घरातून पळून येऊन. अंगावरचे वळ गेले होते, केसाले तेल लागलं होतं, झोप लागू लागली होती. आन् हा आला न्यायले!

नवरा ओसरीत माह्या बाच्या जवळ बसला होता, गरीब तोंड करून. मायनं मले आत ओढलं.

"पाह्य, चांद्याहून लुगडं आणलं त्यानं. आता नखरे नोको करू."

"माय, मी नाई जात."

"जेवण तं होऊ दे आधी."

जेवणातच तं सारं होतं! आमच्याकडं बाई नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवते. मी त्याच्या ताटावर बसली का झालं, भांडण मिटलं, चल बंडीत. मंग कोणी इचारतबी नाई.

तो जेवला. बानं सकाळीच तळ्यात धरलेली मरळ मासळी होती. यानं मधली मोठी तुकडी ताटात तशीच ठेवली, माह्यासाठी. शेजारची काकी दारातूनच म्हणते, "अवो पोरी, पाह्य कसा जीव आहे त्याचा! माह्या म्हाताऱ्यानं काटाबी नाई ठेवला कधी."

सारे हासले. मले भूक लागली होती, खोटं काऊन बोलू?

मी फळीवरचं दुसरं ताट काढलं. भात घेतला, कालवण घेतलं आन् चुलीजवळ बसली. पह्यला घास तोंडात घातला.

मंग त्यानं तांब्या उचलला आन् त्या तुकडीवरच हात धुतले. सारं पाणी ताटात. त्याच्या घरी असंच व्हायचं. राग आला का ताटात पाणी, आन् मी उपाशी. हे मायले कधी सांगितलंच नोतं. मार दिसते, हे कुठी दिसते?

मायनं पाह्यलं. लुगडं उचललं आन् नेऊन बंडीत ठेवलं.

"पोरगी डोक्यावर बसली तुमच्या," तो म्हणे.

बा म्हणे, "बसू द्या जावईबापू. डोकं आमचंच आहे."

पंचायत बसवतो म्हणून ओरडत गेला तो. बसलीबी. मी उभी राह्यली आन् पह्यले मार नाई सांगितला, ताटातलं पाणी सांगितलं. सारे पंच खाली पाहू लागले. उन्हं उतरायच्या आधी काडीमोड झाली.