कळा म्या लपवल्या, बोलनी कौतिकामायनं खाल्ली

कौतिकामायले म्या पहिल्यांदा पाह्यलं ते मेथीच्या वाफ्यात. लग्नाले आठ दिवस झाले होते. आमचं घर भाजीपाल्याचं, मालेगावच्या बाजाराले रोज माल जाते. मी वाकून मेथी उपटून राह्यली होती अन् बांधावरून आवाज आला, "काहून वं, नव्या नवरीले वाकाले लावलं? हातावरची मेंदी तं उतरू देय!" सासूबाई म्हने, "एवढी दया येते तं तूच ये उपटाले." कौतिकामाय खरंच खाली उतरल्या अन् दोन वाफे उपटून देल्ले. जातानी मले म्हने, "मी दाई हाय. तुह्या नवऱ्याले मीच बाहेर काढलं. लय रडला होता, अजून रडते काय?" मी तोंडाले पदर लावून हासली.

गावात आमी सारे त्याईले 'तू'च म्हनतो. पन बचत गटाच्या आशाताईनं सांगतलं, पुस्तकात मानानं लिहाचं. त्याईले पंच्याहत्तर वर्स झाले म्हून बचत गटाच्या बायाईनं हे पुस्तक काढलं. मी सातवी शिकेल हाव. माह्यापाशी लिहाले कागद आला तं म्या दोन खेपा वापस केला. सारे चांगलं चांगलं लिहितीन, अन् माह्यापाशी जे हाय ते सांगाले तोंड नव्हतं.

आधी त्याईच्या कामाचं सांगतो. गावातले अर्ध्याच्या वर लोक त्याईच्या हातावर आले. बाईच्या अंगाले हात लावाच्या आधी त्या बांगड्या काढतात, कोपरापर्यंत साबन लावतात, मंग चुलीपाशी हात शेकून घेतात. थंडा हात लागला की बाई दचकते अन् पोट आखडते, असं म्हनतात. तालुक्याले दायाईची शिकवनी झाली तवापासून त्या पोटुशी बाईले दवाखान्यातच जाय म्हनत, अन् सोबत बी जात. घरी बाळंतपन करत ते फक्त गाडीले टाइम नसला तं. बाकी बाळंतिनीले न्हाऊ घालनं, लेकराले तेल लावनं, हेच त्याईचं काम राह्यलं होतं. त्याच्यातच त्याईचा जीव.

शेजारच्या वंदनाचं असंच झालं. गाडी येन्याच्या आधीच घरी मोकळी झाली, कौतिकामायच्या हातावर. दोन दिवसानं अंगनात बसून दात काढून हासून राह्यली होती. तवा मी बी पोटुशी होती, ते माह्या डोक्यात घुसलं. कारन मले दवाखान्याचं लय भेव. तिथं पोट कापतात, मंग बाईले वाकता येत नाही, असं आयकलं होतं. सासूबाई बी म्हनत, "सिझर झालं तं सहा महिने वाफ्यात कोन वाकन?" पन सासूवर ढकलत नाही. घरीच कराचं हे माह्यंच मन होतं.

नववा लागला तवा कौतिकामाय पोट पाहाले आल्या. बराच वेळ हात फिरवला अन् म्हने, "डोकं वर हाय वं. पाय खाली हायेत."

सासूबाईले आनंदच झाला. "पायाळू! चांगलं झालं माय. कोनाची कंबर लचकली तं पाय लावाले घरातच होईन."

"पाय लावाले होईन, पन आधी जित्तं बाहेर आलं पायजे न," कौतिकामाय म्हने. "हे माह्या हाताचं काम नाही. मी हात लावनार नाही. कळ सुरू झाली की पहिल्या कळेलेच गाडी काढा."

हे सांगाले त्या तीन खेपा आल्या. तिसऱ्या खेपेले त्याईचा आवाज आयकून म्या सासूबाईले म्हटलं, "झोपली म्हना." त्या दारातूनच बोलल्या, "झोप बाई, पन आयकून झोप. पहिल्या कळेले."

पहिली कळ सकाळी आली, वांगे तोडतानी. म्या कोनाले सांगतलं नाही. मले वाटलं, वंदनासारखा टाइम निघून गेला तं मायले कराच लागन, हात लावनार नाही कसं म्हनन? तोंडात पदर कोंबून म्या दुपारपर्यंत वांगे तोडले. सासूबाईनं इचारलं, "चेहरा काहून उतरला वं?" म्या म्हटलं, "ऊन लागलं." पानी गेलं तवा मातर मी वाफ्यातच बसली.

कौतिकामाय पयतच आल्या. पोटाले हात लावला, अन् त्याईचं तोंड पाहून मले पहिल्यांदा समजलं की मी काय करून बसली. "गाडी!" म्हून वरडल्या. आमच्या घरच्यानं पिकपमधले गोबीचे क्यारेट रस्त्यावर फेकले. मालेगाव येईपर्यंत माहं डोकं त्याईच्या मांडीवर होतं. "जोर करू नको माय, फुंक मार. दिवा इझवल्यावानी फुंक," एवढंच म्हनत राह्यल्या. स्वताचे ओठ रक्त येईस्तोवर चावले होते त्याईनं.

दवाखान्यात डाक्टरीनबाईनं पाह्यलं अन् तडकल्या. "पायाळू बाळ, आणि इतका उशीर? कळा कधीपासून आहेत? घरी कोणी थांबवून ठेवलं?"

सारे माह्याकडे पाहून राह्यले होते. नवरा, सासू. खरं सांगतलं असतं तं तिथंच समजलं असतं की म्याच लपवलं. म्या कौतिकामायकडे बोट केलं. म्हटलं, "हिनं. सकाळी बांधावरून गेली तवाच सांगतलं होतं, थांब म्हने."

डाक्टरीनबाई त्याईले व्हरांड्यात साऱ्याईच्या समोर बोलल्या. "म्हातारे, दोन जीव घेणार होतीस!" कौतिकामायनं माह्याकडे एक डाव पाह्यलं. रागानं नाही. मंग डाक्टरीनबाईले हात जोडून म्हने, "चुकलं बाई. आता पोरीले पहा."

सिझर झालं. पोरगी वाचली, मी वाचली. डाक्टरीनबाईनं वाचवलं, ते बी लिहितो.

पन गावात माहा शब्द माह्याआधी पोचला. कौतिकामायनं अडवून ठेवलं, म्हातारपनी तिले समजत नाही. बायाईनं न्हाऊ घालाले बलावनं सोडलं. एका घरी तं त्या दारात गेल्या अन् घरच्याईनं लेकरू आत नेलं. हे म्या डोयानं पाह्यलं अन् मी चूप राह्यली.

माह्या घरी मातर त्या आल्या. दवाखान्यातून आली त्याच्या दुसऱ्या दिवशी तेलाची वाटी घेऊन उभ्या. म्या म्हटलं, "माय, ते दवाखान्यात म्या..." तं म्हने, "बाळंतिनीनं रडू नये, दूध आटते. आन पोरीले इकडं." सव्वा महिना रोज आल्या. सासूबाई त्याईच्या हातावर लक्ष ठेवून बसत. तेबी त्याईनं सोसलं.

पोरगी आता दोन वर्साची झाली. मले पुन्हा पाचवा महिना हाय. या खेपेले दवाखान्यात नाव लावलं. भेव तं आताबी वाटते, पन कळ लपवनार नाही. गेल्या आठवड्यात कागद तिसऱ्या खेपेले आला, तवा म्या घरी सांगतलं. नवरा उठून मळ्यात निघून गेला. सासूबाई म्हने, "झालं गेलं. पुस्तकात कायले लिहितं? घराची इज्जत जाईन."

म्या म्हटलं, "मायची गेली न, आपल्या घरापाई."

कौतिकामायले बी जाऊन सांगतलं, की मी लिहून राह्यली. त्या तुरीची दाळ निवडत होत्या. सूप बाजूले सारलं. मंग म्हने, "त्या दिवशी दवाखान्यापेक्षा तुह्या सासूचं भेव जास्त होतं तुले. मले दिसलं होतं." अन् डोये पुसले. मी माफी मांगाले गेली होती, पन पायाशी बसून नुसती रडली.

म्हून साऱ्याईले सांगतो. कौतिकामायनं मले घरी ठेवलं नव्हतं. कळा म्या लपवल्या, खोटं म्या बोलली. माह्या बोलन्यावरून ज्याईनं त्याईले दारातून वापस लावलं, त्याईनं दोष मले द्यावा, अन् आपलं लेकरू पुन्हा त्याईच्या मांडीवर द्यावं.

कौतिकामायले लय आयुष्य मिळो. त्याईचे गुडघे दुखू नोको, हाताले कंप सुटू नोको, भाकर अंगी लागो. अन् माहा तो खोटा शब्द त्याईच्या आधी मरो.