फ्रिजमधली किल्ली

माझ्या मावशीला आम्ही भावंडं तिच्या माघारी ‘जकात’ म्हणतो. तिच्या दारातून तपासणी झाल्याशिवाय काही आत जात नाही. भाजी आणली तर ती उलटीपालटी करून बघते, पाहुणा आला तर त्यालाही जवळपास तसंच. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे ती अशी रोखून बघते की न केलेली चोरीसुद्धा कबूल करून मोकळं व्हावंसं वाटतं. आयुष्यभर तिने एका मोठ्या कापड दुकानाच्या दारात बसून गिऱ्हाइकांच्या पिशव्या ठेवून घेतल्या आणि बिल्ले दिले. ती निवृत्त झाली, पण तिची नजर काही निवृत्त झाली नाही. हल्ली तर तिने आपली खुर्चीच बाहेरच्या दारासमोर आणून ठेवली होती.

अशा बाईच्या घरात मला माझ्या फिल्मच्या कोर्सची शेवटच्या वर्षाची फिल्म करायची होती. दुसरं घर मिळत नव्हतं.

“फिल्ममध्ये असणार काय?” मावशीने विचारलं.

“एक आई आणि तिची मुलगी. एका घरात राहतात, पण एकमेकींशी बोलत नाहीत.”

मावशीचे डोळे बारीक झाले. “आमच्या घरातलं तुला कोणी सांगितलं? हिनेच ना?”

ही म्हणजे माझी वहिनी, मावशीची सून. मी शपथेवर सांगितलं की गोष्ट मी मनाने रचली आहे. मावशीचा विश्वास बसला नाही, पण परवानगी दिली. मला वाटतं, आमच्यावर पाळत ठेवायला मिळेल म्हणूनच दिली.

वहिनीचा आवाज मुळातच बारीक. मावशीचं म्हणणं, ती पाठीमागे उभी राहून पुटपुटते, शिव्या घालते. वहिनीचं म्हणणं, मी साधंच बोलते, आईंना ऐकू येत नाही. एकदा तिने कान दाखवून यायचं सुचवलं आणि त्या दिवसापासून घर पेटलं. “मला बहिरी ठरवून कोपऱ्यात बसवायचा बेत आहे हिचा,” असं मावशी येईल त्याला सांगायला लागली. दादा, म्हणजे मावशीचा मुलगा, दोघींना पटेल असं काहीतरी बोलायला गेला आणि दोघींच्याही मनातून उतरला. शेवटी त्याने गावाच्या दुसऱ्या टोकाला भाड्याचं घर घेतलं. रविवारी सामान हलणार होतं. नव्या घराची किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकत होती. मावशी येता-जाता तिच्याकडे बघायची. जगातल्या बाकी सगळ्या गोष्टींवर बोलायची, त्या किल्लीबद्दल एक अक्षर नाही. एकुलता एक मुलगा घर सोडून चालला होता आणि थांब म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती.

मी मावशीच्या बाजूची होते. वहिनीच्या त्या हळू बोलण्यात पाणी कुठेतरी मुरतंय, असंच मलाही वाटायचं. मोकळ्या मनाचा माणूस मोकळ्या आवाजात बोलतो, असं माझं तेव्हाचं शास्त्र होतं.

शनिवारी आम्ही सामानासकट हजर झालो. आवाजाचं काम माझ्या वर्गातल्या एका मुलाकडे होतं. त्याला स्वतःला गाता येत नाही, पण दुसऱ्याचं कुठे चुकलं ते लगेच कळतं, म्हणून त्याला सगळे कानसेन म्हणतात. त्याने आल्या आल्या पंखा बंद केला, घड्याळ काढून उशीखाली ठेवलं आणि फ्रिजचं बटण दाबलं. मग खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि दुधाच्या भांड्याशेजारी फ्रिजमध्ये ठेवून दिली.

मावशीने हे बघितलं नसतं तरच नवल. ती किल्ली दोन बोटांत धरून बाहेर आली.

“हे काय आहे?”

“माझी किल्ली, मावशी. फ्रिज घरघर करतो, म्हणून बंद केलाय. जाताना चालू करायला विसरलो तर तुमचं दूध नासेल. पण किल्लीशिवाय मी जाणार कसा? किल्लीसाठी फ्रिज उघडला की आपोआप आठवतं.”

मावशीने त्याच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. “किल्ली फ्रिजमध्ये ठेवणारा माणूस सरळ नसतो,” असं ती मला नंतर म्हणाली. पण किल्ली तिने होती तिथे परत ठेवली.

आमचे सर वर्गात एक गोष्ट घोकून घ्यायचे. चित्र जरा हललं तरी लोक चालवून घेतात, आवाज बिघडला की उठून जातात. म्हणून प्रत्येक खोलीत काम संपलं की सगळ्यांनी गप्प उभं राहायचं आणि नुसत्या खोलीचा आवाज घ्यायचा. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो, असं सर म्हणायचे. मला ती थाप वाटायची.

दुपारी स्वयंपाकघरातलं काम संपलं. कानसेनने हात वर केला. मी, कॅमेऱ्यावरची मैत्रीण, दादा, वहिनी, सगळे श्वास रोखून उभे. मावशी मधोमध स्टुलावर, ओठांवर बोट ठेवून, कोण हलतंय ते डोळ्यांत तेल घालून बघत.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. एकदा नाही, कोणीतरी बोट दाबूनच धरलं होतं. कानसेनने कपाळावर हात मारला. दादा दाराकडे वळला, तर मावशीने त्याच्यावर डोळे वटारले आणि ओठांवरचं बोट आणखी घट्ट केलं. बेल वाजतच होती. मावशी तशीच बसून होती, पहारा देत.

दादाने बेलवाल्याला वाटेला लावलं. कानसेन माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “मावशींना बेल ऐकूच आली नाही.”

“काहीतरीच काय!” मी त्याच्यावर खेकसले. पण मग मला दारासमोरची ती खुर्ची आठवली. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे रोखून बघणं आठवलं.

“काय कुजबुजताय?” मावशी कडाडली. मग तिची नजर रेकॉर्डरच्या लाल दिव्यावर गेली. “हे सकाळपासून चालूच आहे ना? म्हणजे ही माझ्या पाठीमागे काय बोलते, तेही आलं असेल. लाव ते. आत्ता, दादासमोर. होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष. नाही लावलं तर गुंडाळा तुमचं दुकान.”

वहिनी ओट्याला टेकून उभी राहिली.

कानसेनने थोडंसंच मागचं शोधून आधी मला ऐकवलं. मी ऐकलं आणि हेडफोन मावशीच्या कानांवर चढवले. नळाचं पाणी पडतं. वहिनी म्हणते, “आई, चहा ठेवू?” थोडी शांतता. “आई, तुमच्यासाठी ठेवू का चहा?” पुन्हा शांतता. “आई?” आणि मग मावशीचा स्वतःचा आवाज, खणखणीत: “पुटपुटणं बंद कर! माझ्याच घरात उभी राहून मला शिव्या घालतेस?” त्यानंतर नुसता कप ठेवल्याचा आवाज.

मावशीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. “हे मशीन आवाज मोठा करतं,” ती म्हणाली. “हिने मुद्दाम हळू विचारलं. मला ऐकू जाऊ नये म्हणून.”

ती हार मानणाऱ्यातली नव्हतीच. पण हेडफोन तिने काढले नाहीत, आणि रेकॉर्डिंग पुढे चालू राहिलं.

थोड्या वेळाने ती एकदम उठली. “बेल वाजतेय. उघडा कोणीतरी दार. सगळे असे बघताय काय?”

दादा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने हलक्या हाताने हेडफोन काढले. “आई, ती मघाची बेल आहे.”

“मघा कधी वाजली?”

बेल काही मुद्दाम हळू वाजत नाही. मावशीने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, सगळ्यात शेवटी वहिनीच्या. मग ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मला रडू आलं. इतकी वर्षं तिच्या बाजूने बोलले, पण तिला ऐकू येतंय का हे एकदाही बघितलं नव्हतं.

रविवारी सकाळी उरलेलं एक दृश्य करायला आम्ही परत गेलो. दारात खोकी रचलेली होती आणि दादा खिळ्याखाली रांगत होता. नव्या घराची किल्ली गायब. माझा संशय सरळ मावशीवर गेला. जाऊ नयेत म्हणून तिने लपवली असणार. ती दारासमोरच्या खुर्चीत बसून होती, रात्रभर न झोपल्यासारखी, आणि आज कोणाच्याच तोंडाकडे बघत नव्हती.

कानसेनने नेहमीप्रमाणे फ्रिज बंद केला, स्वतःची किल्ली ठेवायला दार उघडलं आणि मला हाक मारली. दुधाच्या भांड्याशेजारी एक किल्ली आधीच ठेवलेली होती.

वहिनीने ती उचलली. ती मावशीच्या मागे जाऊन म्हणाली, “आई, ही इथे कोणी ठेवली?” मावशीला कळलंच नाही. मग वहिनी खुर्चीला वळसा घालून समोर गेली, गुडघ्यांवर बसली आणि किल्ली तिच्या डोळ्यांपुढे धरून पुन्हा विचारलं.

“मीच ठेवली, जाताना विसरायला नको म्हणून,” मावशी म्हणाली. “न्यायची तर ने. पण आधी मला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन चल.”

“ह्यांना सांगते, ते नेतील तुम्हाला.”

“तो नको. तो मला बरं वाटेल तेवढंच सांगेल.” मावशीने तिचं मनगट धरलं. “तू चल. डॉक्टर हळू काय बोलतो ते नीट ऐक आणि मला सगळं सांग. जसंच्या तसं.”