बोंग-छीच्या नावाच्या दोन टोप्या

कोआ हुई-बिन सकाळी चर्चच्या कचेरीचं दार उघडायची, तेव्हा आधी संगणकावरचं हिरवं पाकीट जागेवर आहे ना ते बघायची. मक्याच्या कुरकुरीत खाऊचं ते पाकीट. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून ते त्याच्या डोक्यावर ठेवायचं, हिरवंच ठेवायचं आणि कितीही भूक लागली तरी फोडायचं नाही, हे तैवानच्या तैनान शहरात कुणाला सांगावं लागत नाही. देवाच्या कचेरीत असलं काही बरं दिसत नाही, असं नव्या पाळकांनी एकदा सुचवून पाहिलं होतं. हुई-बिन म्हणाली, "यंत्राचा बाप्तिस्मा होईपर्यंत राहू द्या." पुन्हा तो विषय निघाला नाही.

हुई-बिनचा जन्म खाडीकाठचा. वडिलांची सबाही जातीच्या माशांची तळी होती. सहावीनंतर शाळा सुटली आणि जाळी विणण्यात, मासे निवडण्यात दिवस जायला लागले. त्या वस्तीत तेव्हा लोआ पाळक आणि त्यांची बायको तिन-चू राहायला आली. दुपारी मासे उतरवून झाले की पाळकीणबाई मुलींना ओट्यावर बसवून घरची बोली लिहायला शिकवत, रोमन अक्षरांत. अक्षरांच्या डोक्यावर सुरांच्या खुणा असत. कुठे तिरकी रेघ, कुठे छप्पर, कुठे आडवी दांडी. पाळकीणबाई त्यांना टोप्या म्हणत. "बोडकं नाव घराबाहेर पाठवायचं नाही," असं त्यांचं सांगणं असे.

पुढे चर्चच्या छापखान्यात टोप्यांची अक्षरं जुळवणारं माणूस हवं होतं. पाळकीणबाईंनी हुई-बिनचं नाव सुचवलं. त्या नोकरीवर तिचं लग्न, घर, मुलाचं कॉलेज, सगळं झालं. छापखान्याचं काम बाहेर गेलं, तेव्हा तिला कचेरीत घेतलं. आपण जे खातो ते त्या ओट्यावरून आलेलं आहे, हे ती कधी विसरली नाही. बोलून मात्र कधी दाखवलं नव्हतं. पाळकीणबाईंना तसलं बोलणं आवडतही नसे.

लोआ पाळक वारले, बाई म्हाताऱ्या झाल्या, शहरात राहायला आल्या, तरी त्यांच्या हाताला काम होतंच. स्मरणाच्या उपासनेत गेलेल्या माणसाचं जीवन वाचून दाखवतात. घरचे ते घाईघाईत लिहितात: जन्म, लग्न, मुलं, आजार. पाळकीणबाईंना ते पटत नसे. "आई गेल्यावर मुलांना विचारता? मुलांना आईने काय रांधलं एवढंच माहीत असतं," त्या म्हणत. म्हणून त्या भगिनी मंडळातल्या एकेकीकडे ती जिवंत असतानाच जात, चहा पीत, शेंगदाणे खात तिचं ऐकून घेत आणि घरी येऊन लॅपटॉपवर उतरवून काढत. ज्या बाईची गोष्ट, तिचंच नाव फाइलला. टोप्यांसकट.

यंदा नव्या वर्षाच्या सुमाराला तो लॅपटॉप कायमचा बंद पडायला आला. हुई-बिनने त्यातलं सगळं काढून कचेरीतल्या संगणकावर घेतलं. बाईंना सोपं जावं म्हणून, त्या ज्यात लिहायच्या त्याच प्रोग्रॅममध्ये तिने एक पान केलं. सगळ्यांची नावं तिने स्वतः टंकून एकाखाली एक लावली. नावावर दाबलं की त्या बाईचं पान उघडावं, एवढी सोय केली. फार छान झालंय, असं नवे पाळकही म्हणाले.

वसंतात बोंग-छी गेली. बाजारात पहाटे माशाची पेज विकणारी. बोंग-छी या नावाचा अर्थ, मुलगी नको होती, पण आता आलीच आहे तर वाढवू या. त्या पिढीत अशा नावाच्या पुष्कळ बायका. तिची मुलगी ई-हुन काओशुंगहून आली, ती थेट कचेरीत. स्मरण शनिवारी होतं.

"ताई, आईचं लिहिलेलं आहे ना? मला तिचं लग्नाआधीचं काहीच माहीत नाही हो. विचारलं की म्हणायची, भांडी घास."

यादी केल्यापासून कुणाचं पान उघडायची वेळ पहिल्यांदाच आली होती. हुई-बिनने यादीतल्या नावावर दाबलं. पान उघडलं. वर बोंग-छी, दोन्ही टोप्या जागेवर, आणि खाली काही नाही.

तिने संगणकातलं फाइलींचं कपाट उघडून पाहिलं. तिथेही नाव नेहमीच्या जागी दिसलं. उघडलं तर तेच कोरं पान. ई-हुन म्हणाली, "असू दे. पाळकीणबाईंचं वय झालं आता."

ते वाक्य हुई-बिनला लागलं. ती संध्याकाळी पाळकीणबाईंकडे गेली. बाई वाटाणे सोलत होत्या.

"लिहिलंय की," बाई म्हणाल्या. "दोन दुपारी बसले होते तिच्याकडे. पेज वाढली तिने, मीठ जास्त होतं. तुझं यंत्र खोटं बोलतंय. पाकीट खाल्लं असशील तू त्याचं."

"पाकीट आहे, पाळकीणबाई. पान कोरं आहे."

"नाव आहे?"

"नाव आहे. खाली काही नाही."

बाईंचे हात थांबले. त्या म्हणाल्या, "म्हणजे नाव घातलं आणि लिहायचं राहिलं की काय?"

बाई आपल्याशीच बोलत राहिल्या. परवा गॅस चालू राहिला होता. गेल्या आठवड्यात शेजारणीला तिच्या सासूच्या नावाने हाक मारली होती. आता हेही. मुलगा तायपेईहून सारखा सांगतो, तिकडे ये, आता एकटी राहू नकोस. त्याचंच खरं असेल. "मीठ जास्त होतं हे आठवतं, आणि लिहिलं की नाही ते आठवत नाही," त्या म्हणाल्या. "मग मीठ तरी खरं कशावरून?"

या बाईला हुई-बिनने आयुष्यात कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. खाडीला उधाण येऊन वस्तीत पाणी शिरलं तेव्हासुद्धा नाही.

बाईंनी वाटाण्यांचं ताट बाजूला सारलं. "कागद दे. आठवेल तेवढं पुन्हा लिहिते. रिकाम्या हाताने जाऊ द्यायची नाही तिला."

हुई-बिनने कागद दिला, पेन दिलं आणि समोर बसली. बाई लिहायला लागल्या. अक्षराचं वळण तेच, ओट्यावरचं. एक ओळ पूर्ण झाली. सगळी अक्षरं बोडकी. मग पेन ओळीच्या सुरुवातीला परत आलं आणि एकेका अक्षरावर टोपी घालत शेवटपर्यंत गेलं. आधी माणसं रांगेत उभी करायची, मग टोप्या वाटायच्या. त्यांनी मुलींना तसंच शिकवलं होतं. हुई-बिनची ती सवय छापखान्यात सुटली, कारण तिथे अक्षर आणि टोपी एकाच ठशात ओतलेली असत.

हुई-बिन बघत राहिली. मग तिने विचारलं, "पाळकीणबाई, लॅपटॉपवरही असंच करायचात?"

"मग कसं करतात?"

"आधी सगळी अक्षरं, मग मागे येऊन टोप्या?"

"मागे येणारं बटण आहे की. टोप्यांचीही वेगळी बटणं आहेत, आमच्या पुतण्याने बसवून दिलेली. तू काय, टोपी घालूनच जन्माला घालतेस अक्षरं?"

हुई-बिन उठली. "लिहिणं थांबवा," ती म्हणाली. "नाही, थांबवू नका. मी येतेच." तिने चपला उलट्यासुलट्या घातल्या आणि स्कूटर काढली.

कचेरीत आल्यावर तिने आपल्या पद्धतीने नाव टंकलं नाही. बाईंसारखं आधी बोडकं नाव लिहिलं, मग मागे येऊन पहिली टोपी, मग दुसरी. डोळ्यांना ते नाव तसंच दिसत होतं. यंत्राला मात्र ते दुसरंच होतं. हुई-बिनच्या नावात अक्षर आणि टोपी मिळून एक वस्तू होती, पाळकीणबाईंच्या नावात दोन. यंत्र वस्तू मोजत होतं, चेहरा बघत नव्हतं. तिने यंत्राला 'शोध' म्हटलं, आणि कपाटात बरंच वर, भलत्याच नावांच्या घोळक्यात एक फाइल उजळली.

मग कोरं पान कुठलं, तेही कळलं. यादीतल्या नावाची फाइल सापडली नाही की तो प्रोग्रॅम कुरकूर न करता त्याच नावाचं नवं पान करून देतो. ते पान हुई-बिनच्याच बोटांनी जन्माला आलं होतं.

तिने फाइल उघडली. पहिल्याच ओळी होत्या: "नावाबद्दल राग नाही, असं बोंग-छी म्हणते. बापाने ठेवताना काहीही ठेवलं असेल, पण वाढवू म्हणाला आणि वाढवलं. म्हणून तिने पेज मागायला आलेल्या कुणाला परत पाठवलं नाही." पुढे मजकूर बराच होता. बाजारातली पहिली चूल, नवऱ्याने विकलेली आणि तिने परत सोडवून आणलेली सायकल, ई-हुन तापाने फणफणली होती ते दिवस. अगदी शेवटी लिहिलं होतं: "आज पेजेत मीठ जास्त होतं. तिला सांगितलं नाही."

हुई-बिनने ते छापून घेतलं. बाईंकडे परतली तेव्हा त्या अजून लिहीतच होत्या. तिने कागद पुढे ठेवले. बाईंनी चष्मा पुसला आणि आधी शेवटचं पान काढलं.

"मीठ आहे," त्या म्हणाल्या.

"आहे. चूक माझ्या यादीची होती, पाळकीणबाई. तुमचं सगळं जागेवर आहे."

बाईंनी कागद छातीशी धरले. मग म्हणाल्या, "मुलाला आता फोन करते. गॅसचं सांगत नाही त्याला, हे सापडलं एवढं सांगते."

शनिवारी बाईंनी स्वतः उभं राहून वाचलं. सायकलीपाशी लोक हसले. तापाच्या दिवसांपाशी ई-हुनने मान खाली घातली. उपासना संपल्यावर तिने बाईंचे दोन्ही हात धरले आणि सोडेचना. शेवटी पाळकीणबाईच म्हणाल्या, "सोड ग, मला जेवायचंय."

पुढच्या आठवड्यात हुई-बिनने यादी दुरुस्त केली. टोपी जोडलेली असो की सुटी, दोन्ही नावं एकाच पानाकडे जातील असं केलं. बाईंच्या फाइलींची नावं तिने बदलली नाहीत. पाळकांनी विचारलं, सगळी एकाच पद्धतीची का करून टाकत नाही? ती म्हणाली, "त्यांच्या हातची आहेत. राहू द्या."

त्याच दुपारी पाळकीणबाई कचेरीत आल्या. हिरव्या पाकिटावरची तारीख वाचून नवं आणायला सांगितलं आणि त्या हुई-बिनच्या खुर्चीत बसल्या.

"तुझं लिहायचं राहिलंय," त्या म्हणाल्या. "बस समोर."

"मी कुठे मरतेय, पाळकीणबाई?"

"बोंग-छीही असंच म्हणाली होती. बस."

हुई-बिन स्टूल ओढून बसली. कुठून सुरुवात करू, असं तिने विचारलं. पाहिजे तिथून कर, बाई म्हणाल्या. मग हुई-बिनने त्या ओट्यापासून सुरुवात केली, मासे उतरवून झाल्यावरच्या दुपारपासून. इतक्या वर्षांत जे बोलली नव्हती ते सगळं बोलली. बाईंनी मधे अडवलं नाही.

ती थांबल्यावर बाईंनी फाइलला नाव दिलं. दोन बोटांनी, सावकाश, आधी सगळी बोडकी अक्षरं. मग मागे येण्याचं बटण दाबत सुरुवातीला आल्या. एक टोपी घातली. दुसरीचं बटण कुठलं, ते शोधत राहिल्या. हुई-बिनला ते दिसत होतं, पण तिने दाखवलं नाही. बाईंना सापडेपर्यंत ती तशीच बसून राहिली.