माझ्या ॲडमिशनचा कौल

माझ्या कॉलेजचा विषय ठरवायची वेळ आली, तेव्हा आमच्या देवाने तोंड उघडायला साफ नकार दिला.

दोन जागा मिळाल्या होत्या. धारवाडला जिऑलॉजी आणि बेळगावला पर्यावरण इंजिनिअरिंग. त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत फोनवर एकीला होकार द्यायचा होता, नाहीतर दोन्ही हातच्या जाणार! बाचं मत जिऑलॉजी. गणेशगुडीला पर्यटकांच्या बोटी हाकणाऱ्या काकाचं मत पर्यावरण. आणि माझं? बा बोलला की मला जिऑलॉजी पटायची, काका बोलला की पर्यावरण. दोघं एकदम बोलले की मला भूक लागायची.

"दगडं शिकून काय करनार ती, अण्णा?"

"आन् गटारं शिकून काय करनार?"

आई वैतागली. "जावा की देवाकडं! कौल घ्या आन् गप बसा!"

कुंभारवाड्याकडच्या आमच्या रानात देव म्हणजे झाडाखाली उभा एक दगड. त्याला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. जी आधी गळेल, ते देवाचं उत्तर. लग्न, विहीर, हरवलेली म्हैस, आमच्याकडे सगळं असंच ठरतं. पाकळ्यांचं ताट घेऊन मी सर्वांत मागून चालले.

गुरव आज्जांनी उजवीकडे जिऑलॉजीची पाकळी लावली, डावीकडे पर्यावरणाची. "आता देवाला काय सांगू? सोपं करून सांगा."

बा म्हणाला, "म्हना, पोरीनं दगडं फोडायचं शिकावं, का..."

"हळू बोल की!" आज्जा दचकले. "ऐकतोय त्यो!"

काका एकदम खूश. (देव आपल्या बाजूचा आहे, असं त्याला वाटलं.)

अर्धा तास गेला. पाकळ्या हलेनात. तास गेला. वारा आला, वरची पानं गळली, आज्जांचा रुमाल उडाला. पाकळ्या जागच्या जागी! एक मुंगी डाव्या पाकळीवर चढली, काकाने श्वास रोखला. मुंगी उतरून गेली.

"रुसलाय देव," आज्जा म्हणाले. तीन वाजत आले, तेव्हा त्यांनी धीर करून उजवी पाकळी बोटाने ओढली. पाकळी आली आणि तिच्यामागून पांढरी तार लांबत लांबत आली. फणसाचा चीक!

"ही चिकटवली कुनी?" बा काकावर धावून गेला. "जिऑलॉजी पडू नये म्हनून तूच!"

"देवाच्यान् न्हाई! डावी बगा, अण्णानंच चिकटवली असंल!"

आज्जांनी डावी ओढली. तिलाही तार!

आता बा काकाकडे बघतो, काका बाकडे. आज्जा तेवढे शांत. "हात दावा सगळ्यांनी."

चीक काढायला आमच्याकडे खोबरेलच लागतं. बाचे हात कोरडे. काकाचे कोरडे. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत तेलाने चकचकीत!

"मला भ्या वाटलं," मी रडायलाच लागले. "एक पडली तर दुसरी कायमची गेली की!" खरंच भीती वाटली होती. कालपर्यंत मला दोन भविष्यं होती आणि आज त्यातलं एक मरणार होतं.

"देवाचा काय दोष न्हाई," आज्जा म्हणाले. "पोरीचंच ठरंना झालंय."

आमच्या वाडीत फोनला रेंज नाही. काकाची जीप रानातून उधळत गणेशगुडीला पोचली, तेव्हा पाच वाजायला सहा मिनिटं होती. बाने फोन माझ्या हातात दिला. "आता आमी कोन बोलनार न्हाई. तुला पायजे ते दाब." आणि दोघं भाऊ माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. जन्मभर बोलणारी माणसं अशी गप्प झाली, की मला रडूच फुटलं. डोळे पुसले आणि दाबलं.

आज मी जिऑलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सरांनी परवा वर्गात विचारलं, हाच विषय का निवडलात? मी उभी राहून म्हटलं, "सर, लहानपणापासून दगडांची ओढ!" वर्गाने टाळ्या वाजवल्या.

फोनवर ते नाव वरती होतं, एवढंच.