मोकळ्या मात्रेचा घास

लीलाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात वडा होता. तो मी नीट गिळला आणि मगच रडले. बाईंच्या शिस्तीत दोन्ही एकदम बसत नव्हतं... महिना होऊन गेला त्याला.

बाई आमच्या उल्हासनगरच्या शाळेत बँड शिकवायच्या. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही मुली ड्रम कानाने वाजवायचो, म्हणजे सुरुवात सगळ्यांची एकत्र आणि शेवट जिचा तिचा. बाईंनी फळ्यावर नोटेशन काढलं आणि आम्हाला ते खाऊच घातलं. एका मात्रेत एक ठोका म्हणजे ‘पाव’. दोन असले तर ‘वडा’. चार असले की ‘साबुदाणा’. आणि जिथे काहीच वाजवायचं नाही, तिथे घास गिळायचा. आधी तोंडाने वाचायचं, मग काठ्या उचलायच्या.

“बाई, दाल पकवान कुठे बसणार?” माझ्या शेजारच्या सिंधी कविताने विचारलं.

“डब्यातून आण. खाऊन ठरवू.”

तिने आणलं. बाईंनी चवीने खाल्लं, बोटं पुसली आणि निकाल दिला, “हा आपला पाव-वडाच की गं, वेषांतर करून आलेला.”

वाचता येऊ लागलं, पण मोकळी मात्रा आली की आमचा धीर सुटे. “गिळ गं, ठसका लागेल,” बाई म्हणत. इकडे मुख्याध्यापकांनी बजावलं होतं, “यंदाही स्पर्धेत घसरलात तर ड्रम सामानाच्या खोलीत आणि तुम्ही शिवणाच्या तासाला.”

स्पर्धा अंबरनाथला होती. आधी न पाहिलेला नोटेशनचा कागद हातात मिळाला, आणि त्यात मधोमध चार मात्रा रिकाम्या. आमच्या आधीची शाळा तिथेच उडी मारून पडली. मग आम्ही. पाव, वडा, साबुदाणा... आणि रिकामी जागा आली. अख्ख्या रांगेचे गळे एकदम खाली-वर, एकदम खाली-वर. सभागृह चिडीचूप. मग पुढचा ठोका पडला, सगळ्यांचा मिळून एकच.

परीक्षकांनी चष्मा काढला. “या मुली काय गिळताहेत?”

“मोकळ्या मात्रा,” बाई म्हणाल्या. “वर्षभर भरवल्यात, सर.”

पहिला नंबर आला. दुसऱ्या दिवशी बाईंनी मुख्याध्यापकांपुढे हात पसरला, “सर, त्या सामानाच्या खोलीची किल्ली द्या.” त्यांनी दिली. बाईंनी ती कधी परत केली नाही.

परवा बाईंच्या बेलवलीच्या घरी गेले, तर ती किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला लटकलेली. बाईंच्या मुलाने विचारलं, “ताई, ही कुठली?” मी सगळं सांगितलं.

“मग शाळेला परत द्यायला हवी ना?”

“अजिबात नाही,” मी म्हटलं.